बाबा, भाडं आलं का?

तुम्ही पुण्यात, घर बीडला आणि भाडेकरू 'पुढच्या महिन्यात नक्की'वर अडकलेला. आवाज चढवून काही होत नाही, कुलूप लावलं तर प्रकरण उलटंच फिरतं. मग थकलेलं भाडं हातात येतं कसं? कागदानं आणि कॅलेंडरनं!

मंगळवारची दुपार. हिंजवडीतल्या ऑफिसात क्लायंट कॉल ऐन रंगात आलाय आणि मोबाइल थरथरतो. स्क्रीनवर 'बाबा'. तुम्ही कट करता आणि संध्याकाळी बसमधून फोन लावता. पाऊसपाणी, आईची शुगर, चुलतभावाचं लग्न असं सगळं झाल्यावर विषय निघतोच.

"बाबा, खालच्या मजल्याचं भाडं आलं का?"

"येईल रे. बिचाऱ्याचं उसाचं बिल अडकलंय."

"मागच्या वेळी कापूस विकला की देतो म्हणला होता ना?"

"हो, पण मग भाव पडला. जाऊ दे, तू तुझं काम बघ."

सीन ओळखीचा वाटतोय? बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव... गाव कोणतंही घ्या, स्क्रिप्ट साधारण हीच. शिकून-सवरून पोरं पुण्या-मुंबईला, छत्रपती संभाजीनगरला गेली. आईबाबा वरच्या मजल्यावर आणि खालच्या दोन खोल्या भाड्यानं. भाडं फार नसतं, चार-पाच हजार. पण बाबांची पेन्शन घरखर्चात जाते आणि आईच्या गोळ्या त्या चार हजारांतून येतात. म्हणजे 'जाऊ दे' म्हणायला सोपं, पण नऊ महिने जाऊ दिलं की छत्तीस हजार होतात!

मग एखाद्या वीकएन्डला तुम्ही रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून बीड गाठता, तावातावानं खालचं दार वाजवता. आतून चहा येतो. "गुरुजी कायला टेन्शन घेतात? दिवाळीला एकदाच क्लिअर करून टाकतो की सगळं." चहा गोड असतो, माणूसही वाईट नसतो. तुम्ही रविवारी रात्री परत. हातात काय? शून्य.

बॉस, इथेच चुकतं. कोण खरं, कोण खोटं यावर आपण तासभर वाद घालतो. कायदा मात्र दोनच गोष्टी विचारतो. कागद काय आहे आणि तारीख कोणती?

आधी ठरवा : पैसे हवेत की घर?

हा प्रश्न बाबांना आधी विचारा, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. थकबाकी मिळाली की तोच भाडेकरू चालेल, असं असेल तर एक वाट. काहीही झालं तरी खोल्या रिकाम्या हव्यात, असं असेल तर दुसरी. बहुतेक घरांत या दोन गोष्टींची खिचडी होते. बाबांना पैसे हवे असतात, मुलाला भाडेकरू बाहेर हवा असतो आणि वकिलांना मात्र दोघं मिळून 'काहीतरी करा' असं सांगतात.

यातली गंमत पुढे कळेल. पण आत्ताच सांगून ठेवतो, भाडं थकलं म्हणून केलेल्या दाव्यात पैसे येण्याची वाट कायद्यानं बरीच रुंद ठेवली आहे. घर रिकामं होण्याची वाट मात्र अरुंद आहे.

निजामाच्या मुलखातला जुना कायदा

बीड जिल्हा हैदराबाद संस्थानातला. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, पण घरभाड्याचा कायदा मात्र हैदराबादचाच राहिला. १९५४ चा हा कायदा. त्यात भाडेकरूचं प्रकरण 'रेंट कंट्रोलर'कडे जायचं. मुंबई-पुण्याला १९४७ चा वेगळा कायदा, विदर्भाला आणखी तिसरा. एकाच राज्यात भाडेकरूंची तीन राज्यं!

३१ मार्च २००० पासून हे तिन्ही कायदे गेले आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्यामुळे चौकातल्या कुणी जाणत्यानं 'रेंट कंट्रोलरकडे अर्ज टाका' असं सांगितलं, तर समजा की त्यांची माहिती पंचवीस वर्षं जुनी आहे. आता बीडसारख्या ठिकाणी घरमालक-भाडेकरूचा भाड्याचा किंवा ताब्याचा दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टात चालतो. मुंबईसारखं लघुवाद न्यायालय इथे शोधू नका.

एक मेख आहे. हा कायदा गावोगावी सरसकट लागू नाही. कायद्याच्या शेवटी परिशिष्टं आहेत, त्यात ज्या शहर-गावांची नावं आहेत तिथेच तो चालतो. तुमचं घर शहरात आहे की जवळच्या एखाद्या खेड्यात, हे वकिलांकडून पहिल्याच भेटीत तपासून घ्या. गाव परिशिष्टात नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. तिथे महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो. तिथेही थकबाकी, व्याज आणि खर्च भरणाऱ्या भाडेकरूला कोर्ट एक संधी देऊ शकतं.

तीन वर्षांचं घड्याळ

आता सगळ्यात महत्त्वाचा फंडा. थकलेल्या भाड्याचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. आणि हे घड्याळ प्रत्येक महिन्याचं वेगळं चालतं. मार्चचं भाडं थकलं त्या दिवसापासून मार्चचं घड्याळ सुरू, एप्रिलचं एप्रिलपासून. म्हणजे बाबा चार वर्षं 'जाऊ दे' म्हणत राहिले, तर पहिल्या वर्षाचं भाडं कोर्टाच्या दृष्टीनं गेल्यात जमा.

पण याच कायद्यात एक छान सोयही आहे. तीन वर्षं संपण्याच्या आत भाडेकरूनं 'माझ्याकडे इतकं भाडं बाकी आहे' असं लिहून सही केली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. त्यानं थकबाकीपोटी थोडी रक्कम दिली आणि त्याची नोंद त्याच्या अक्षरात किंवा त्याच्या सहीनं झाली, तरी घड्याळ नव्यानं सुरू होतं.

म्हणजे त्या गोड चहाच्या वेळी भांडण करायचं नव्हतं, एक कागद पुढे करायचा होता! "काका, दिवाळीला द्या, काही हरकत नाही. फक्त आजपर्यंतचा हिशेब लिहून इथे सही करा." ज्याला खरंच द्यायचंय तो सही करतो. जो सहीला टाळाटाळ करतो, त्याच्या मनात काय आहे ते तुम्हाला फुकटात कळतं.

नव्वद अधिक नव्वद

समजा सही झाली, दिवाळीही झाली, पैसे नाहीतच. आता नोटीस. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ प्रमाणे भाडं थकलं म्हणून ताबा मागायचा असेल, तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून नव्वद दिवस थांबावं लागतं. त्याआधी दावा लावला तर तो टिकत नाही.

नोटिशीत कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचं, दरमहा किती आणि एकूण किती भाडं बाकी आहे, हे नीट लिहिलेलं हवं. 'तुमच्याकडे बरीच बाकी आहे' असलं मोघम काही नको. नोटीस टपालानं पोचपावतीसह पाठवा. जुनी रजिस्टर्ड पोस्टाची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा काउंटरवर तसं सांगा. भाडेकरूच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या हातात देऊन पोच घेतली तरी चालते. आणि हो, पावती जपून ठेवा. नोटीस किती कडक लिहिली यापेक्षा ती पोचली हे सिद्ध करता येणं जास्त मोलाचं.

नव्वद दिवसांनंतर दावा. कोर्टाचं समन्स भाडेकरूला मिळालं की त्याला पुन्हा नव्वद दिवस! या काळात त्यानं सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली, पुढचं भाडं दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही दिला, तर कोर्ट त्याला घराबाहेर काढत नाही.

'म्हणजे आम्ही हरलो?' असं वाटणं साहजिक आहे. पण जरा हिशेब करा. छत्तीस हजारांची बाकी वर्षभर पडून राहिली, तर १५ टक्क्यांनी ५,४०० रुपये व्याज. मुद्दल आलं, व्याज आलं, कोर्ट सांगेल तितका खर्च आला आणि यापुढे भाडं वेळेवर येणार. बाबांना हवं होतं ते सगळं मिळालं. सुरुवातीला म्हटलं ती गंमत हीच. आणि ही सवलत वापरूनही जो पैसे भरत नाही किंवा मध्येच थांबतो, त्याच्याविरुद्ध ताब्याचा हुकूम मिळायची वाट मोकळी होते.

मुळात घरच हवं असेल, तर फक्त थकबाकीवर विसंबू नका. कलम १६ मध्ये वेगळी कारणं आहेत : घराची स्वतःला खरोखर गरज, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने घर न वापरणं वगैरे. पण इथे एक सावधगिरी. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्यानंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. दाराला कुलूप दिसलं म्हणून 'घर वापरत नाही' असा दावा लगेच ठोकू नका. पोटासाठी गेलेला माणूस कोर्टात ते कारण सांगणारच, आणि ते ऐकलं जाण्यासारखंही आहे.

करारच नाही हो!

"गावातल्या माणसाशी कसला करार करायचा?" हा बाबांचा पेटंट डायलॉग. आणि केलाच तर शंभराच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा, कारण 'अकरा महिन्यांचा नोंदवावा लागत नाही' अशी सगळ्यांची समजूत. महाराष्ट्रात ही समजूत चुकीची आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

याहून मोठा फटका पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. बाबा म्हणतात भाडं चार हजार, तो म्हणाला अडीच हजार, तर सिद्ध करायची पाळी बाबांवर!

मग ज्यांच्याकडे करार नाही त्यांनी काय करायचं? हातावर हात ठेवून बसू नका. बाबांची ती खिशातली डायरी शोधा. बऱ्याच गुरुजींना तारीखवार नोंदीची सवय असते. भाडेकरूच्या सह्या असतील तर सॉलिड, नसतील तरी उपयोग आहेच. जुने चेक, बँक पासबुक, यूपीआयचे व्यवहार काढा. 'काका, पुढच्या महिन्यात चार हजार टाकतो' असा व्हॉट्सअॅप मेसेजही पुरावा ठरतो, फक्त कोर्टात देताना त्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं. म्हणून मेसेज डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना फोन जपा.

आणि आपली बाजूही स्वच्छ ठेवा. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. 'पावती कशाला, विश्वास नाही का?' हे वाक्य आता रिटायर करा.

लीव्ह अँड लायसन्सचा फायदा

राहण्यासाठीच्या घराचा लीव्ह अँड लायसन्स करार असेल आणि त्याची मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. इथे प्रक्रिया झटपट स्वरूपाची आहे. समोरच्याला बचाव करायचा असेल, तर तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी परवानगी मागावी लागते. मुदत संपल्यानंतर तो जितके दिवस राहील, तितक्या दिवसांचे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं पैसे त्याला द्यावे लागतात. पण हे दुकानाच्या गाळ्याला लागू नाही, फक्त राहत्या घराला.

अंबाजोगाईत मेडिकल कॉलेजच्या पोरांना किंवा परळीत औष्णिक केंद्रावरच्या कंत्राटी कामगारांना खोल्या देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. परळीचं केंद्र दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, असं २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये घडलंय. कंत्राटी माणसाचं काम थांबलं की पहिलं भाडं थांबतं. करारात मुदत आणि डिपॉझिट नीट असेल, तर अशा वेळी दोघांचीही अब्रू राहते.

कोर्टाआधीच्या दोन वाटा

पहिली, चेक. भाड्यापोटी दिलेला चेक बाऊन्स झाला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे नाही आले तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. तारखा मात्र चुकवायच्या नाहीत, एक दिवसही महागात पडू शकतो.

दुसरी, लोकअदालत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा लावण्याआधीही प्रकरण नेता येतं. तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की आणि तिच्यावर अपील नाही. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. 'दरमहा चार हजार भाडं अधिक दोन हजार थकबाकीचे' असा हप्ता बांधून घ्यायला ही जागा बेस्ट. शेतीवर जगणाऱ्या माणसाकडे पैसा हंगामानं येतो. हप्तेही उसाच्या, सोयाबीनच्या हिशेबानं बांधले तर फिटायची शक्यता वाढते.

आणखी एक टिप. घर आईच्या नावावर असेल तर तिला मोफत वकील मिळू शकतो. विधी सेवा कायद्यात महिलांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन नंबर १५१००.

हे अजिबात नको!

- नळ किंवा वीज तोडणं. कलम २९ नुसार अत्यावश्यक सोयी तोडायला मनाई आहे. मग तुमचंच प्रकरण कोर्टात जातं.
- परस्पर कुलूप लावणं, सामान बाहेर काढणं. बेकायदा बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवू शकतो. तेव्हा तो खरा मालक कोण, हा प्रश्नही बघितला जात नाही.
- गल्लीतल्या एखाद्या 'दादा'ला सांगणं. भाडं वसूल होवो न होवो, दादाचं देणं आयुष्यभर फिटत नाही.
- पोलिसांकडून वसुलीची अपेक्षा. थकलेलं भाडं ही दिवाणी बाब आहे.
- 'बारा वर्षं झाली की घर त्याचं' या भीतीनं घाईगर्दी. भाडेकरू म्हणून आत आलेला माणूस भाडेकरूच राहतो, नुसती वर्षं मोजून मालक होत नाही.

हुकूम झाला, पुढे?

पैशाचा हुकूमनामा मिळाला तरी तो भिंतीवर लावून पैसे येत नाहीत. त्याची अंमलबजावणी करायला वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे. बँक खातं, वाहन जप्त करता येतं. पगारदार असेल तर पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित, बाकीचा भाग जप्त होऊ शकतो. म्हणजे २५ हजार पगार असेल तर महिन्याला ८ हजारांपर्यंत. शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि राहतं घर मात्र जप्तीतून वगळलेलं आहे. म्हणून भाडेकरू काय करतो, पगार कुठे होतो, खातं कुठल्या बँकेत आहे, ही माहिती खोल्या देतानाच लिहून घ्या. नंतर कोण सांगणार?

आणि तुम्ही पुण्यात बसून हे सगळं चालवणार असाल तर बाबांकडून मुखत्यारपत्र घ्या. दावा दाखल करणं, तारखांना हजर राहणं त्यावर जमतं. पण जे बाबांना स्वतःला माहीत आहे, त्याची साक्ष तुम्ही त्यांच्या वतीनं देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच स्पष्ट केलंय. साक्षीच्या दिवशी बाबांनाच उभं राहावं लागेल.

आणि बाबांना नको असतं ते नेमकं हेच. ज्याच्या पोराला शाळेत शिकवलं, ज्याच्या घरी लग्नाला जेवलो, त्याच्याविरुद्ध कोर्टात उभं राहायचं! त्यांचं 'जाऊ दे' म्हणजे दुबळेपणा नव्हे, गावात राहण्याची ती किंमत आहे. म्हणूनच त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. कागद वेळेवर झाला असता, तर त्यांच्यावर ही वेळच आली नसती.

तेव्हा पुढच्या वीकएन्डला जाल, तेव्हा खालचं दार वाजवण्याआधी वरच्या मजल्यावर बसा. बाबांची डायरी उघडा, महिने मोजा, रक्कम एका कागदावर नीट लिहा आणि खाली सहीसाठी जागा सोडा. मग दोघं मिळून खाली जा. चहा येईलच. चहा घ्या, सहीही घ्या!